न्यायासनावर बसणारा सामान्य माणूस
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. न्यायदान हे कायदेपंडितांचे काम असून सामान्य माणसाने तेथे जायचे ते फिर्यादी, आरोपी किंवा साक्षीदार म्हणूनच, ही समजूत आपल्या समाजात इतकी मुरली आहे की तिच्याविषयी शंका घेणेही विचित्र वाटते. राज्यकारभार लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी करावा, हे तत्त्व आपण स्वीकारले. न्यायदानाच्या बाबतीत मात्र लोकांचा संबंध निकाल ऐकण्यापुरताच उरला आहे. ही स्थिती अपरिहार्य आहे काय? ज्या देशांत सामान्य नागरिक ज्यूरीत बसतो तेथे त्याच्या वाट्याला नेमके काय येते? आपल्या देशातही ज्यूरी होती; ती का गेली? आणि समाजवादी चळवळीने या सर्वांतून कोणता बोध घ्यावा? आज या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रत्यक्ष अनुभवाकडे पाहू. इंग्लंड आणि वेल्स येथे मतदार यादीतील १८ ते ७५ वर्षे वयाच्या नागरिकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड होते. शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची अट नाही. बसचालक, शिक्षिका, इस्पितळातील परिचारिका, मंडईतील विक्रेता, यांपैकी कोणालाही एके दिवशी सरकारी पत्र येते. साधारणतः दहा कामाच्या दिवसांसाठी न्यायालयात हजर राहावे, असा त्यात आदेश असतो. तो डावलता येत नाही. न्यायालयात गरजेपेक्षा अधिक माणसे बोलावलेली असतात. त्यांतून पुन्हा चिठ्ठ्यांनी बाराजण निवडले जातात. प्रत्येकजण आपल्या धर्मग्रंथावर शपथ घेतो किंवा धर्माचा उल्लेख न करता प्रतिज्ञा करतो. सुनावणीपूर्वी या बाराजणांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात.

यानंतर सुरू होते ते ऐकण्याचे काम. हे काम वाटते तितके सोपे नाही. सरकारी वकिलाचे म्हणणे ऐकताना आरोपी दोषीच आहे असे वाटू लागते. उलटतपासणी सुरू झाली की तीच खात्री डळमळते. या काळात घरी गेल्यावर पत्नीशी अथवा पतीशीही खटल्याविषयी बोलण्याची मुभा नसते. आरोपीविषयी स्वतः माहिती शोधणे हा तर गुन्हाच ठरविण्यात आला आहे. पुरावा संपल्यावर न्यायाधीश कायदा समजावून सांगतात. परंतु काय घडले आणि काय घडले नाही, हे ठरविणे तुमचे काम आहे, असेही त्यांना सांगावे लागते. मग बाराजण एका खोलीत बसतात. त्यांनी एकमताने निर्णय द्यावा अशी अपेक्षा असते. पुरेसा वेळ जाऊनही एकमत झाले नाही, तर किमान दहाजणांचे बहुमत न्यायाधीश स्वीकारू शकतात. बहुमताची ही सोय १९६७ च्या कायद्याने झाली. खोलीत कोण काय बोलले, हे बाहेर सांगण्यास कायद्याने बंदी आहे.

या अनुभवाचे मर्म कोणते? कारखान्यात, कचेरीत, दुकानात ज्या माणसाला आयुष्यभर वरून आलेली आज्ञा पाळावयाची सवय झालेली असते, त्याला राज्यसंस्था प्रथमच सांगते की निर्णय तुझा आहे आणि त्याची जबाबदारीही तुझी आहे. त्याच्या शेजारी बसलेली व्यक्ती त्याच्या वर्गातील, वर्णातील वा विचारांची असेलच असे नाही. तरीही तिला पटवून द्यावे लागते आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. एखाद्या अनोळखी माणसाचे स्वातंत्र्य आपल्या हातात आहे, ही जाणीव झाल्यावर वर्तमानपत्रातील मथळे वाचून बनविलेली मते पुरी पडत नाहीत. लोकशाहीचे शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

येथे एक विसंगती नमूद केली पाहिजे. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातील देशांच्या तेथे कायदेशीररीत्या राहणाऱ्या नागरिकांना मतदानाचा हक्क आहे, आणि मतदार यादीत नाव असून वयाच्या तेराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षे तेथे वास्तव्य केले असेल तर तो माणूस ज्यूरीसाठीही पात्र ठरतो. म्हणजे भारताचे पारपत्र बाळगणारी एखादी मराठी परिचारिका लंडनच्या न्यायालयात इंग्रज आरोपीचा निवाडा करण्यास बसू शकते. तीच परिचारिका मुंबईत राहिली असती तर मुंबईच्या न्यायालयात तिला असे स्थान मिळाले नसते.

सामान्य माणसाला हे स्थान कोणी दानात दिलेले नाही. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरांवर बेकायदा जमाव जमविल्याचा खटला झाला. त्यांचे प्रार्थनागृह बंद केल्यामुळे त्यांनी रस्त्यावरच प्रवचन केले, हा त्यांचा अपराध! जमावबंदीचे हुकूम मोडून तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांना हा आरोप अपरिचित वाटू नये. ज्यूरीतील लोकांनी पेन रस्त्यात बोलला एवढेच मान्य केले. त्यास गुन्हा म्हणण्याचे नाकारले. न्यायपीठाने त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवले, पुन्हा पुन्हा परत पाठविले. तरी अखेरचा निर्णय निर्दोष असाच आला. तेव्हा ज्यूरीतील प्रत्येकास चाळीस मार्कांचा दंड झाला आणि तो भरेपर्यंत तुरुंगवास. एडवर्ड बुशेल आणि त्याचे तीन सहकारी दंड भरण्यास तयार झाले नाहीत. त्यांच्या अर्जावर मुख्य न्यायमूर्ती वॉन यांनी निर्णय दिला की ज्यूरीला तिच्या निर्णयाबद्दल शिक्षा करता येणार नाही. ज्यूरीच्या स्वातंत्र्याचा पाया चार हट्टी नागरिकांनी तुरुंगात बसून घातला, हे विसरता कामा नये.

परंतु ज्यूरीचा गौरव करताना एक प्रश्न नेहमी बाजूला पडतो. ज्यूरीत बसतो तो सामान्य माणूस कोण? अथेन्समध्ये पेरिक्लीजच्या काळात नागरिक-न्यायाधीशांना रोजचा भत्ता देण्यास सुरुवात झाली, कारण हातावर पोट असलेला माणूस काम सोडून दिवसभर न्यायालयात बसू शकत नव्हता. भत्ता सुरू झाला तसे गरीब नागरिक तेथे येऊ लागले, आणि खानदानी मंडळींनी त्याच भत्त्याची टवाळी आरंभिली. अर्थात त्या अथेन्समध्येही स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना न्यायालयात बसण्याचा अधिकार नव्हता. इंग्लंडमध्ये स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा हक्क १९१९ च्या कायद्याने मिळाला. आणि घराच्या मूल्यावर आधारलेली अट रद्द होण्यास १९७२ चा कायदा यावा लागला. म्हणजे ज्या देशाने ज्यूरीचा डंका जगभर पिटला, तेथील बहुसंख्य स्त्रिया आणि असंख्य कामगार त्या ज्यूरीच्या बाहेरच होते. तात्पर्य, ज्यूरीचा प्रश्न हा केवळ न्यायशास्त्राचा नाही. यादीत नाव कोणाचे आणि त्या दिवसाची मजुरी कोणी द्यावयाची, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. इंग्रजी अमलात येथे ज्यूरी आली ती लोकांचा हक्क म्हणून आली नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सत्र न्यायालयात ज्यूरी बसवावी की नाही, आणि बसविल्यास कोणत्या जिल्ह्यात व कोणत्या गुन्ह्यांसाठी, हे प्रांतिक सरकारच्या हुकुमावर अवलंबून होते. मुंबईच्या उच्च न्यायालयात नऊजणांची ज्यूरी असे. तिचे खरे स्वरूप महाराष्ट्राने दोनदा अनुभवले. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी गृहस्थ होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. १९०८ साली पुन्हा खटला झाला तेव्हा सरकारने 'विशेष ज्यूरी'ची मागणी केली आणि टिळकांच्या विरोधाला न जुमानता ती मान्य झाली. सात युरोपीय आणि दोन पारशी असे नऊजण बसले. निकाल सात विरुद्ध दोन. ज्या लेखांबद्दल खटला होता ते 'केसरी'तील लेख मराठीत होते. बहुसंख्य ज्यूरीला मराठी येत नव्हते. तिच्यापुढे होती ती सरकारी भाषांतरे, आणि त्या भाषांतरांच्या अचूकतेवरच टिळकांचा आक्षेप होता. न्यायमूर्ती दावर यांनी बहुमताचा निर्णय स्वीकारून सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली.

त्या निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. या संपाची दखल लेनिननेही घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याची आणखी एक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांना न्यायालयातील नऊ खुर्च्यांपैकी एकही मिळण्याची शक्यता नव्हती, त्या कामगारांनी सहा दिवसांची मजुरी सोडून आपला निर्णय रस्त्यावर नोंदविला. वस्तुतः त्या खटल्यातील सामान्य माणसाची ज्यूरी परळ-लालबागच्या चाळींत होती.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? ज्यूरीची यादी व्यापक करावी, कामगार, शेतकरी, स्त्रिया, दलित यांना तिच्यात आणावे, असा विचार झाला नाही. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली. त्यानंतर आला तो नानावटी खटला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने मोहीमच उघडली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय अग्राह्य वाटल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरविले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीचे नावही उरले नाही.

नानावटी खटल्यामुळे ज्यूरी गेली, कारण भावनेच्या आहारी जाणारा सामान्य माणूस न्याय करण्यास अपात्र ठरला, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. ती दोन कारणांनी अपुरी आहे. एक तर ज्यूरी बंद करण्याची शिफारस या घटनेच्या आधीची होती. दुसरे असे की, सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा समजावून देताना चुका केल्या, असे उच्च न्यायालयाने म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. ज्याला कायदा नीट सांगितला गेला नाही त्या नागरिकाची चूक मात्र इतिहासाने ध्यानात ठेवली! शिवाय, समाजातील प्रतिष्ठित अधिकाऱ्याविषयी सहानुभूती, वृत्तपत्रांचा मारा आणि शेवटी सरकारी माफी, यांतील कोणती गोष्ट मजुरांच्या अज्ञानातून उद्भवली होती? आपल्या देशात सामान्य माणसाची ज्यूरी फसली असे म्हणता येत नाही, कारण ती खऱ्या अर्थाने कधी बसलीच नाही.

मग ज्यूरी परत आणा, अशी घोषणा द्यावी काय? येथे थांबून विचार करणे अवश्य आहे. १९५५ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. दोघा गोऱ्या आरोपींचा निवाडा करण्यास बसलेले बाराही पुरुष गोरे होते. कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदूच दिले जात नव्हते, म्हणून ज्यूरीच्या यादीतही ते नव्हते. तासाभराच्या चर्चेत आरोपी सुटले आणि पुढच्याच वर्षी एका मासिकाकडे त्यांनी खुनाची कबुली दिली. सामान्य माणूस हा शब्द किती फसवा असू शकतो, याचे हे उदाहरण आहे. आपल्याकडे जातपंचायतींनी कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकली. त्यांना आवरण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. दलितावरील अत्याचाराच्या खटल्यात त्याच गावातील सवर्ण बहुमताची ज्यूरी बसली, तर न्यायाचे काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून या विषयात भाबडेपणा उपयोगाचा नाही. जातपंचायतीचा पंच जातीच्या सत्तेने बसतो. ज्यूरीतील नागरिक चिठ्ठीने बसतो आणि खटला संपताच उठून जातो. हा भेद मोठा आहे. तथापि ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांना यादीत आणि न्यायासनावर हमखास स्थान असेल, तरच त्या भेदाला अर्थ प्राप्त होतो.

जगात यासाठी मधले मार्ग काढले गेले आहेत. जपानने २००९ पासून गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक यांचे एकत्र न्यायपीठ बसविण्यास प्रारंभ केला. नागरिकांना दैनिक भत्ता मिळतो, आणि या कामासाठी रजा घेतली म्हणून मालकाने कामगाराला काढून टाकणे कायद्याने निषिद्ध आहे. आपल्या देशातही एक उदाहरण आहे. त्याची चर्चा मात्र होत नाही. बालन्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे. मतभेद झाल्यास बहुमताचा निर्णय चालतो, म्हणजे दोघे नागरिक मिळून न्यायदंडाधिकाऱ्याचे मत बाजूला सारू शकतात. मुलांच्या बाबतीत ज्या नागरिकांवर कायद्याने विश्वास टाकला, त्यांच्यावर कामगारांच्या, भाडेकरूंच्या, आदिवासींच्या बाबतीत तो का टाकू नये?

एरवी आज सामान्य माणसाला फौजदारी न्यायात जे स्थान उरले आहे ते पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचाचे. झडतीच्या वेळी त्या वस्तीतील दोन स्वतंत्र आणि 'प्रतिष्ठित' रहिवासी हजर हवेत, असे कायदा सांगतो. हा 'प्रतिष्ठित' शब्द पुन्हा जुन्या यादीची आठवण करून देतो. प्रत्यक्षात सही करण्यास कोणी पुढे येत नाही, कारण पुढे अनेक तारखांना रोज बुडवून साक्ष द्यावी लागते. मग ठाण्याच्या ओळखीचे सराईत पंच उभे केले जातात, न्यायालयात ते उलटतात किंवा त्यांच्यावर विश्वास बसत नाही, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो रिकाम्या हाताने घरी जातो. नव्या कायद्याने झडतीचे चित्रीकरण आवश्यक केले आहे, हे योग्यच झाले. परंतु चित्रीकरणाने नागरिकाची जागा भरून निघत नाही.

नागरिकाची ही जागा एकदा मिळाली म्हणजे कायमची राहते, असेही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने, ज्या गुन्ह्यांत तीन वर्षांपर्यंतची शिक्षा संभवते अशा अनेक खटल्यांतून ज्यूरी काढून ते एकट्या न्यायाधीशापुढे चालवावेत, असा प्रस्ताव मांडला. क्राउन न्यायालयांत ७५ हजारांहून अधिक खटले तुंबले आहेत, हे त्यामागील कारण. खटले तुंबणे ही खरी अडचण आहे. विलंबाने सर्वाधिक होरपळतो तो गरीबच. परंतु न्यायालये, न्यायाधीश व वकील यांवरील खर्चात वर्षानुवर्षे काटकसर करावयाची आणि तुंबलेल्या कामाची किंमत मात्र नागरिकाच्या अधिकारातून वसूल करावयाची, हा मार्ग मजुरांचे नाव घेणाऱ्या पक्षाला शोभणारा नाही. कामगारांचा पक्षसुद्धा सत्तेवर बसला की तज्ज्ञांच्या सोयीने विचार करू लागतो, हा इशारा सर्वच समाजवाद्यांनी घेण्यासारखा आहे.

साथींनो, या विवेचनातून तीन मागण्या निघतात. पहिली, पंच किंवा साक्षीदार म्हणून न्यायालयात जाणाऱ्या प्रत्येक मजुराला त्या दिवसाची पूर्ण मजुरी सरकारने द्यावी आणि त्याची नोकरी सुरक्षित राहावी. दुसरी, कामगार, भाडेकरू, वनहक्क यांसारख्या वादांत न्यायाधीशाबरोबर मतदार यादीतून चिठ्ठीने निवडलेल्या, आणि स्त्रिया, दलित व आदिवासी यांना निश्चित स्थान असलेल्या नागरिकांना मताधिकारासह बसवावे. तिसरी, त्या न्यायपीठाने आपल्या निर्णयाची कारणे, आणि तीही लोकांच्या भाषेत, लिहून द्यावीत. मराठी लेखाचा निवाडा मराठी न जाणणाऱ्यांनी केल्याचा इतिहास असलेल्या प्रांताने हा आग्रह धरलाच पाहिजे.

मागण्या मान्य होण्यास काळ लागेल. दरम्यान एक काम प्रत्येक कार्यकर्त्याच्या हाती आहे. वस्तीत गुन्हा घडला, पंच म्हणून बोलावणे आले, तर तोंड चुकवू नये. जे पाहिले तेवढ्यावरच सही करावी, कोऱ्या कागदावर करू नये, आणि तारखेला हजर राहून जे पाहिले तेच सांगावे. यात रोज बुडेल, शेजाऱ्यांचा राग येईल, पोलिसांची मर्जीही जाईल. बुशेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याहून अधिक सोसले होते. न्यायासनावर बसण्याचा अधिकार जो समाज मागतो, त्यातील माणसांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात खरे बोलण्याची तयारी आधी दाखविली पाहिजे. ती तयारी वस्तीवस्तीत निर्माण करणे हे पक्षाच्या कार्यकर्त्याचे आजचे काम आहे.